'समस्थिती' म्हणजे थांबलेलं का?

मुलीला अकरावीचं जीवशास्त्र शिकवताना 'समस्थिती'पाशी अडले. होमिओस्टॅसिसला, म्हणजे बाहेर काहीही बदललं तरी शरीर आतलं तापमान वगैरे ठरावीक मर्यादेत ठेवतं त्याला, हाच शब्द रूढ आहे. पण तिने लगेच विचारलं, "म्हणजे आत सगळं थांबलेलं?" 'स्थिती' ऐकून तसं वाटणारच. 'समतोल' किंवा 'संतुलन' चालेल का?

— 'समतोल' नको. रसायनशास्त्रात तो शब्द आधीच गुंतलाय: उलटसुलट क्रिया सारख्याच वेगाने होऊन एकूण बदल थांबतो, तो समतोल. आणि पेशीतल्या सगळ्या क्रिया त्या अर्थाने समतोलाला आल्या तर पेशी मेलेली असते! मूळ शब्द वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये घडवला. त्याने 'होमो', म्हणजे 'तेच', घेतलं नाही. 'होमिओ', म्हणजे 'त्यासारखं', घेतलं. आणि तसंच असतं. रक्ताचा सामू (pH, आम्लता दाखवणारा आकडा) ७.३५ ते ७.४५च्या दरम्यान हलत राहतो, एका आकड्याला चिकटून बसत नाही. आपल्याकडे सुश्रुतानेही निरोगी माणसाचं वर्णन 'समदोषः समाग्निश्च' असंच सुरू केलंय. 'सम' अगदी योग्य आहे. 'स्थिती'बद्दलची तक्रार मात्र मान्य.

— मला वाटतं, नाम बदलू नका, क्रियापद सोडू नका. समस्थिती *राखणे*. शेत राखणारा माळ्यावर रात्रभर जागा असतो, पाखरं आली की गोफण फिरवतो. राखण म्हणजे काम. माणूस नुसता स्वस्थ बसलेला असला तरी त्याची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीडएक लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात.

तापाचं उदाहरण द्या तिला. 'हुडहुडी भरून ताप आला' आणि 'घाम फुटून ताप उतरला' असं आपण रोज म्हणतो. संसर्ग झाला की मेंदूतला अधश्चेतक (हायपोथॅलॅमस, तापमान सांभाळणारा भाग) राखायची पातळीच वर नेतो, समजा ३९ अंश सेल्सिअसवर. अंग ३७ वर असतं, म्हणून भर मे महिन्यात आजारी माणूस गोधडी मागतो, स्नायू थरथरून उष्णता करतात. पातळी पुन्हा खाली आली की तेच अंग जास्त गरम ठरतं, मग घाम. घामाने गार होणं म्हणजे थेट माठ: पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं.

— पण एवढी राखण कशासाठी, हेही सांगायला हवं. प्रथिनांसाठी. त्यांचं काम आकारावर चालतं, आणि उष्णतेने आकार बिघडतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पातळ होत नाही. 'प्रथिन' हा शब्दही सुरेख जमलाय. 'प्रोटीन'च्या मुळाशी ग्रीकमधला 'पहिला' आहे, आणि 'प्रथिन'मध्ये आपल्याला 'प्रथम' ऐकू येतं. 'कर्बोदक' तर सरळ कर्ब अधिक उदक.

— माठाला हात लावून पाहिला तिने. वहीत आता 'समस्थिती राखणे' लिहिलंय. पुढचा प्रश्न तयार आहे: झोपेत राखण कोण करतं?