‘जिना चढताना धाप लागते का?’ हा प्रश्न रुग्ण कोरा सोडतात

प्रश्न : राजापूरकर

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची लक्षणे नोंदवणाऱ्या मराठी प्रश्नावलीची पडताळणी हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग-संशोधन संस्थेची सर्व कर्करोगांसाठीची ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० आणि तिला जोडलेली, खास फुप्फुसाच्या कर्करोगासाठीची १३ प्रश्नांची एलसी१३ मी वापरतो. एलसी१३मध्ये धापेविषयी तीन प्रश्न आहेत : बसल्या जागी, चालताना आणि जिना चढताना. आमचे बरेच रुग्ण वाडीवरच्या कौलारू, बैठ्या घरांत राहतात आणि तिसरा प्रश्न कोरा ठेवतात. उरलेल्या दोन उत्तरांची सरासरी चालेल का? की ‘पाखाडी (चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट) चढताना’ असे विचारावे? शिवाय तेराही प्रश्नांचा एकत्रित क्रॉनबाख अल्फा (प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात याचे माप) ०.७० च्या खाली येतो, त्यामुळे मार्गदर्शक नाराज आहेत.

उत्तर : आकडेमोड, चिपळूण

सरासरी घेऊ नका. एरवी किमान निम्म्या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतील तर गुण काढण्याची मुभा असते. धापेच्या बाबतीत मात्र ईओआरटीसीच्या गुणांकन-पुस्तिकेने ती स्पष्टपणे नाकारली आहे. चढण हाच तिघांतला सर्वांत कष्टाचा प्रसंग असल्यामुळे तो वगळला की रुग्णाची धाप आहे त्यापेक्षा सौम्य दिसते. अशा वेळी पहिले दोन प्रश्न स्वतंत्र लक्षणे म्हणून मांडावेत आणि किती जणांनी तिसरा कोरा ठेवला, का ठेवला, हे प्रबंधात द्यावे.

अल्फाची चिंता अनाठायी आहे. खोकला, थुंकीतून रक्त, केस गळणे आणि हातापायांना मुंग्या ही एकाच गुणाची चार रूपे नव्हेत. ती एकमेकांसोबत वाढावीत असा आग्रह कशासाठी? धापेच्या तीन प्रश्नांपुरता अल्फा काढा, बाकीच्यांसाठी पुनर्चाचणी करा, म्हणजे त्याच रुग्णांना काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा. (मार्गदर्शकांना हे सांगण्याची रीत तुम्हीच शोधा.)

उत्तर : परिचारिका, सिंधुदुर्ग

शब्द परस्पर बदलू नयेत, त्यासाठी मूळ संस्थेची परवानगी लागते. परंतु त्याआधी दहा-पंधरा रुग्णांना फॉर्म भरून झाल्यावर शांतपणे विचारा की, हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आले. ‘जिनो खंय हा आमच्याकडे?’ म्हणणाऱ्या आजी विहिरीवरून वर येताना पाखाडीच्या मध्यावर चिऱ्यावर टेकतात, म्हणजे लक्षण आहे, फक्त प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही. काही जण तर धापेमुळेच चढण टाळतात. त्यांचा कोरा रकाना आणि बैठ्या घरामुळे राहिलेला कोरा रकाना एकच समजू नये.

दुसरे असे की, फॉर्म कोण भरतो ते अवश्य नोंदवा. मुलगा शेजारी बसून ‘नाही, बाबांना रक्त पडत नाही’ असे लिहितो आणि तो पाणी आणायला गेला की बाबा रुमाल दाखवतात.

राजापूरकर

पुनर्चाचणी किती दिवसांनी करावी? पुष्कळ रुग्ण केमोसाठी मुंबईला किंवा कोल्हापूरला जातात.

आकडेमोड, चिपळूण

प्रश्न मागच्या आठवड्याविषयी असतात आणि केमोनंतरच्या दिवसांत लक्षणे झपाट्याने बदलतात. म्हणून दोन चाचण्यांच्या मध्ये केमो येऊ देऊ नका. ‘गेल्या वेळेपेक्षा तब्येतीत फरक आहे का?’ असे वेगळे विचारून ‘नाही’ म्हणणाऱ्यांचेच आकडे विश्वसनीयतेसाठी धरा. ‘आहे’ म्हणणाऱ्यांचे टाकू नका, प्रश्नावली बदल टिपते का हे त्यांच्यावरूनच कळेल. पहिली चाचणी कागदावर आणि दुसरी फोनवर असे मात्र करू नका, नाहीतर फरक रुग्णात पडला की पद्धतीमुळे, ते सांगता येणार नाही.