चौकात सायकल नेमकी कुठे धरायची? सरळ जाताना आणि उजवीकडे वळताना

पायडल_कोथरूड
पुढच्या महिन्यापासून सायकलने ऑफिसला जायचा विचार आहे. जाऊन-येऊन १४ किमी. सरळ रस्त्याची भीती नाही, घोळ चौकातच होतो. एका सिग्नलला तीन लेन आहेत, डावीकडे फ्री लेफ्ट, आणि मला जायचंय सरळ. कडेला थांबावं तर फ्री लेफ्टवाले मागून हॉर्न मारणार, मध्ये थांबावं तर दुचाक्यांच्या घोळक्यात अडकणार. त्याच्या पुढच्या चौकात उजवं वळण आहे. "सायकलने डावीकडूनच जावं" असं सगळे सांगतात. चौकातही तेच करायचं का? सायकल साधी, मागे सात गिअर, आरसा नाही.

फ्रीव्हील
नाही. कडेने जायचं ते दोन चौकांच्या मधल्या रस्त्यावर. सिग्नलच्या ४०-५० मीटर अलीकडे कड सोडायची.

आधी सरळ जाण्याचं. फ्री लेफ्टची लेन फुटते त्याच्या आधीच तिच्या उजवीकडच्या लेनमध्ये शिरा आणि तिथे मधोमध चाला. लेनच्या डाव्या कडेला चिकटलात तर ऐनवेळी आठवण झालेला कारवाला तुमच्या पुढून डावीकडे कट मारणार, आणि त्याचं डावं दार तुमच्या हँडलला भिडणार. चौकातले बरेच अपघात याच प्रकारचे: मागचा ओव्हरटेक करतो आणि लगेच वळतो. मधोमध असलात की त्याला तुमच्या मागे थांबून मग वळावं लागतं. हॉर्न वाजेल. वाजू दे.

लेन बदलायची ती घाईत नाही. तुमचा वेग १५, मागच्या दुचाकीचा ४०. फरक २५ किमी म्हणजे सेकंदाला साधारण ७ मीटर. मान वळवून बघितल्यावर ५० मीटरवर दिसणारी गाडी सात सेकंदांत तुमच्या मागच्या चाकाशी असते. लेन बदलायला दोन-तीन सेकंद पुरतात, म्हणजे ५० मीटर मोकळे असतील तर जायचं, २० असतील तर तिला जाऊ द्यायचं. क्रम असा: मागे बघा, उजवा हात आडवा करा, पुन्हा बघा, मग सरका. हात दाखवला म्हणजे जागा मिळाली असं समजू नका.

लाल असताना बस किंवा डंपरच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे केबिनची डावी बाजू आणि बंपरच्या पुढचे एक-दोन मीटर त्याला नीट दिसत नाहीत. शिवाय वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून जातं. पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर अंतर असलेली बस १२ मीटर त्रिज्येत वळली, तर मागचं चाक दीड मीटर आत येतं. त्या दीड मीटरमध्येच सायकलवाला उभा असतो. एकतर तिच्या मागे थांबा किंवा दोन-तीन मीटर पुढे, ड्रायव्हरला अख्खे दिसाल असे. तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात.

आणि गिअर. मागे दात्यांच्या चकत्या असलेल्या सायकलला उभ्या-उभ्या गिअर पडत नाही, पायडल फिरत असतानाच पडतो. सिग्नलला पोचण्याआधी दोन-तीन गिअर खाली आणा. थांबल्यावर एक पायडल वर, किंचित पुढे ठेवा. हिरवा पडल्यावर पहिल्या दहा मीटरमध्ये डगमगलात तर मागचे दोन्ही बाजूंनी घुसतात.

उतारपेठ
उजव्या वळणाबद्दल. पद्धती दोन आहेत, आणि कुठली घ्यायची ते सिग्नल कसा चालतो त्यावर ठरतं. हे कुणी बघतच नाही.

पुण्यात बऱ्याच चौकांत एका वेळी एकाच रस्त्याला हिरवा मिळतो. असं असेल तर वळताना समोरून कुणी येत नाही, म्हणजे एका दमात वळणं त्या मानाने सोपं. अवघड फक्त उजव्या लेनपर्यंत पोचणं. ते लाल असताना, गाड्या उभ्या असताना करा. उजवीकडे वळणाऱ्या दोन लेन असतील तर त्यातली डावी घ्या, वळून झाल्यावर आपोआप डाव्या कडेला येता. डिव्हायडरला चिकटून वळलात तर पुढे पुन्हा दोन लेन कापत डावीकडे यावं लागतं.

समोरच्या रस्त्यालाही त्याच वेळी हिरवा असेल तर दोन टप्पे. सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर थांबा, सायकल उजवीकडे वळवा. आता तुम्ही डावीकडून येणाऱ्या रस्त्याच्या रांगेच्या पुढे आहात. त्यांना हिरवा पडला की त्यांच्याबरोबर निघा. जागा मात्र नेमकी हवी: त्यांच्या झेब्राच्या पुढे आणि तुमच्या मागून सरळ येणाऱ्यांच्या वाटेबाहेर. अगदी कोपऱ्यात थांबू नका, तिथून त्यांचा फ्री लेफ्ट जातो. मध्ये त्रिकोणी बेट असेल तर त्याच्या टोकाशी.

किती थांबावं लागेल? जिथे एकेका रस्त्याला पाळी मिळते तिथे ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असेल तर तुमच्यानंतर लगेच त्यांचा नंबर. उलटी फिरत असेल तर मध्ये दोन रस्ते जातात. एकदा रविवारी चहा पीत बघून ठेवा.

थेम्सकाठ
लंडनमधून. इथेही गाड्या डावीकडूनच, म्हणून लागू पडेल. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये बदल झाले, त्यात चौकाजवळ येताना सायकलने लेनच्या मधोमध चालावं असं सुचवलं आहे. एरवी वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून किमान अर्धा मीटर, उभ्या गाड्यांपासून एक मीटर. इथे स्टॉप लाइनच्या पुढे सायकलसाठी रंगवलेला चौकोन असतो, त्याचाही एक सापळा आहे: चौकोनात न्यायला डावीकडून चिंचोळी लेन असते, आणि ती थेट ट्रकच्या आंधळ्या बाजूने जाते. पुढे ट्रक उभा असेल तर जाणते सायकलवाले ती लेन सोडून देतात.

उसाची_मोळी
कोल्हापूर-सांगलीकडचे कुणी वाचत असतील तर: हंगामात ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांना वरचं दीड मीटरचं गणित लावू नका. दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षाही आत कापते, वरून ऊस बाहेर आलेला असतो, आणि टेपच्या आवाजात ड्रायव्हरला तुमची घंटी काय, ट्रकचा हॉर्नही ऐकू जात नाही. चौकात ट्रॉली दिसली की मागेच थांबायचं, अंतर ठेवून. रात्री तर नक्कीच, मागचा दिवा असेलच असं नाही.

पायडल_कोथरूड
धन्यवाद, खूपच कामाचं. उतारपेठ, एक शंका: दोन टप्प्यांत वळताना मी त्यांच्या स्टॉप लाइनच्या पुढे असेन. मग सिग्नल दिसणार कसा?

उतारपेठ
त्यांच्यासाठी चौकापलीकडेही एक खांब असतो का ते आधी बघा, असेल तर तोच बघायचा. नसेल तर मान वळवून रांगेतल्या पहिल्या दुचाक्यांकडे बघा, पण त्यांच्या भरवशावर निघू नका. टायमर ३ वर आला की त्या निघतात, आणि दुसऱ्या बाजूचे शेवटचे अजून चौकातच असतात. तीस मीटर रुंद चौक १५ च्या वेगाने पार करायला सात सेकंद लागतात, उभ्यावरून निघालात तर जास्त. जागाच नसेल तर उतरा आणि सायकल हातात धरून दोन झेब्रा ओलांडा. पावसात झेब्राच्या पट्ट्या आणि चेंबरची झाकणं निसरडी असतात, त्यांच्यावर ब्रेक दाबू नका आणि सायकल कलवूही नका.