उत्तर: चुकलेला शब्द दहादा लिहून घेण्याबद्दल

वर कुणीतरी तिसरीतल्या मुलाचं मराठी शुद्धलेखन सुधारण्यासाठी त्याच्याकडून चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घ्यायला सुचवलंय. कृपया तसं करू नका. तिसऱ्या ओळीनंतर मूल नुसतं वरचं उतरवतं, आणि एखादी चूक झाली की तीच खाली झिरपत जाते.

त्याऐवजी रोज पाच-सहाच शब्द घ्या. शब्द बघायचा, मोठ्याने फोडून म्हणायचा (ज-मी-न), झाकायचा, आठवून लिहायचा, मग त्यानेच ताडून बघायचं. दोन दिवसांनी तेच शब्द पुन्हा.

आधी चुकांचे गट पाडा. रफार चुकत असेल तर ‘पर्वत’ सावकाश बोलायला लावा: र् हा ‘व’च्या आधी ऐकू येतो, म्हणून रफार ‘व’वर, मुलं तो हमखास ‘प’वर देतात. ऱ्हस्व-दीर्घासाठी जोड्या उत्तम: फूल-फुलाला, मूल-मुलाला, जमीन-जमिनीत. प्रत्यय लागला की मूळ शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो (‘शरीर-शरीरात’सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडून), हे चार जोड्यांत मुलं स्वतःच ओळखतात. शेवटचा इकार-उकार दीर्घ: वही, लाडू. ‘आणि’ मात्र अपवाद म्हणून पाठच करून घ्या.

गोष्ट किंवा निबंध लिहीत असताना शुद्धलेखन अजिबात तपासू नका, नाहीतर मूल फक्त सोपे शब्दच वापरू लागतं.