शब्दचर्चा : विदा, नोंद आणि मेटाडेटा

प्रश्न : नागपुरात ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करताना मेटाडेटा या शब्दाची ‘माहितीविषयीची माहिती’ अशी व्याख्या शिकवली जाते. मग ग्रंथाच्या शीर्षकाला डेटा म्हणावे की मेटाडेटा, आणि त्यासाठी मराठीत कोणता शब्द योजावा, हे कृपया सांगावे.

उत्तर : व्याख्या बरोबर आहे, परंतु तेवढ्यावर काम भागत नाही. आपण कोणत्या वस्तूविषयी बोलत आहोत, हे आधी ठरवावे लागते. कपाटातील ग्रंथ ही वस्तू धरली, तर शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष हा सारा त्याचा मेटाडेटा होय. मात्र हीच माहिती कोहासारख्या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीत साठवली, की डेटाबेसच्या दृष्टीने ती डेटा ठरते, आणि ती कोणी भरली व शेवटची केव्हा बदलली, हा तिचा मेटाडेटा होतो.

डेटासाठी ‘विदा’ आणि मेटाडेटासाठी ‘अधिविदा’ हे शब्द लेखनात खुशाल वापरावेत. तरी ग्रंथालयात रोज तोंडी असतो तो ‘नोंद’ हा शब्द, आणि माझ्या मते विद्यार्थ्याने आधी त्याचाच अर्थ पक्का करावा. एका ग्रंथाविषयी एकत्र ठेवलेली माहिती ती नोंद, नोंदीतील एकेका माहितीची ठरलेली जागा ते क्षेत्र, आणि त्या जागी प्रत्यक्ष लिहिलेले ते मूल्य. मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या संगणकीय मानकात २४५ हे शीर्षकाचे क्षेत्र आहे, तर १०० हे मुख्य लेखक व्यक्ती असेल तेव्हाचे. डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या सोप्या मानकात असे मूळ घटक, म्हणजे क्षेत्रे, १५ आहेत.

क्षेत्रे वेगळी का ठेवायची, हे आपल्या गावाच्या नावावरूनच पाहता येईल. शुद्धलेखनाच्या प्रचलित नियमांप्रमाणे ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहितात. जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर मात्र ‘नागपुर’ असे छापलेले आढळते. तालिकाकाराने, म्हणजे ग्रंथाची नोंद करणाऱ्याने, छापील रूप सुधारू नये, ते जसेच्या तसे उतरवावे, कारण त्यावरूनच ती आवृत्ती ओळखता येते. पण शोधण्यासाठी वेगळ्या क्षेत्रात ‘नागपूर’ हे एकच प्रमाणरूप ठेवावे, नाहीतर संगणक ही दोन गावे समजतो आणि वाचकाला निम्मेच ग्रंथ दिसतात. नावांचेही तसेच आहे. कवी ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, हे येथील वाचकाला ठाऊक असते, डेटाबेसला नसते. म्हणून एक रूप अधिकृत ठरवून दुसऱ्या रूपाकडून तिकडे निर्देश द्यावा लागतो, आणि लेखकाची माहिती प्रत्येक ग्रंथाच्या नोंदीत पुन्हा न लिहिता स्वतंत्र तक्त्यात एकदाच ठेवून ती क्रमांकाने जोडावी लागते. १९७० साली संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानाचा, म्हणजे माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीचा, ग्रंथालयाला होणारा मोठा लाभ हाच आहे, असे मला वाटते.

पुरवणी : वरील विवेचन ग्रंथांना लागू पडते. अभिलेखागारात, म्हणजे जुनी कागदपत्रे जपणाऱ्या संस्थेत, वर्णनाचा आरंभ सुट्या कागदापासून होत नसतो. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या वर्णनमानकानुसार आधी संपूर्ण अभिलेखसंचाचे (एका निर्मात्याच्या सर्व कागदपत्रांचे), मग मालिकेचे, त्यानंतर संचिकेचे (फाइलचे) आणि गरज असल्यास शेवटी एकेका कागदाचे वर्णन करतात, आणि वरच्या पातळीवर सांगितलेले खाली पुन्हा सांगत नाहीत. येथे सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र ‘निर्माता’, म्हणजे ज्याच्या कामकाजातून ती कागदपत्रे तयार झाली तो, हे होय. नागपूर हे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजधानीचे शहर. १९५० मध्ये त्या प्रांताचे मध्यप्रदेश झाले, १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे १९४८ सालच्या सचिवालयीन संचिकेपुढे निर्माता म्हणून ‘महाराष्ट्र शासन’ लिहिणे ही सरळ चूक आहे. निर्मात्याच्या क्षेत्रात त्या काळचे प्रांतिक शासन लिहावे, आणि आज ती संचिका ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिचे नाव ‘धारक संस्था’ या निराळ्या क्षेत्रात द्यावे.