डिझायनर कोलॅबचे हाय-टॉप स्नीकर्स: कुठला जोड घ्यावा?

मंडळी, सल्ला हवा आहे. एक डिझायनर कोलॅबचा (कंपनी आणि डिझायनर यांनी मिळून केलेला) हाय-टॉप घ्यायचं बरेच दिवस मनात आहे, त्यासाठी पैसेही बाजूला ठेवलेत. तीन जोड डोक्यात घोळतायत: कॉन्व्हर्स आणि कॉम दे गार्सों प्ले यांचा डोळेवाल्या बदामाचा चक ७०, रिक ओवेन्सचा टर्बोडार्क, आणि व्हर्जिल अब्लोच्या 'ऑफ-व्हाइट' ब्रँडचा नाइकी जॉर्डन १, तो लाल-पांढरा 'शिकागो'. शेवटचा २०१७ चा, म्हणजे घ्यायचा तर रिसेललाच (पुन्हा विकणाऱ्याकडून).

माझा चवडा रुंद आहे, घोट्याचं हाड जरा पुढे आलेलं आहे, उंची बेताची. बूट खोक्यात जपून ठेवायचे नाहीत, रोज घालायचे आहेत. खोटा माल कसा ओळखायचा आणि पँट कुठली घालायची तेही सांगा.

आधी मूळ बूट बघा

कोलॅबमध्ये डिझायनरचा हात बहुतेक वेळा वरच्या भागावर फिरतो. तुमचा पाय मात्र मूळ बुटाच्या साच्यात बसणार असतो. म्हणून आधी चक की जॉर्डन ते ठरवा, मग डिझायनर.

चक म्हणजे १९१७ चा ऑल स्टार, बास्केटबॉलसाठी केलेला. कॅनव्हास आणि खाली सपाट रबर. चक ७० मध्ये कॅनव्हास जाड असतो आणि आतली गादीही बरी असते, पण तळपायाच्या कमानीला आधार जवळजवळ नाही. दिवसभर उभं राहायचं काम असेल तर वेगळा इनसोल घालावा लागेल. चक साधारण अर्धा नंबर मोठा येतो, म्हणून सगळे 'अर्धा कमी घ्या' सांगतात. रुंद चवड्याने ते ऐकू नये. लांबी जुळेल, पण करंगळी दिवसभर दाबली जाईल. नेहमीचाच नंबर घ्या, सैल वाटला तर जाड मोजे घाला.

जॉर्डन १ हा १९८५ चा, पीटर मूरने काढलेला. चामडं वापरून पायाच्या आकाराचं होतं, कॅनव्हासपेक्षा जास्त सावरून घेतं. टर्बोडार्क चक ७० वरच बेतलेला आहे, पण पुढचं टोक लांब आणि चौकोनी, जीभही भलतीच उंच. मला तो बूट मनापासून आवडतो, पण ती वाढलेली लांबी बोटांपुढची आहे, चवड्याला तिचा उपयोग नाही. शिवाय जिना उतरताना त्या टोकाची सवय करून घ्यावी लागते.

रोजच्यासाठी माझं मत कॉम दे गार्सोंला. ही भागीदारी २००९ पासून चालू आहे आणि माल पुन्हा पुन्हा येत राहतो, त्यामुळे रॅफल (सोडत) नाही की रिसेल नाही. सरळ अधिकृत दुकानातून घ्या. तो बदाम फिलिप पागोव्स्कीने काढलेला आहे. सोलच्या मागून डोकावणारा बदाम मला आजही ताजा वाटतो.

घालण्यासाठीच केलेला एक जोड

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण तुमच्या यादीत नसलेला एक बूट सुचवतो. २०१३ मध्ये मेझों मार्जिएलाने कॉन्व्हर्सबरोबर चक टेलर आणि जॅक पर्सेल हे दोन बूट केले होते. हाय-टॉप हवा तर त्यातला चक. मूळ रंगीत बुटावर हाताने पांढरा रंग दिलेला, अगदी लेस आणि सोलसकट. घालत गेलं की घड्यांच्या जागी रंगाला तडे जातात आणि खालचा रंग दिसायला लागतो. दोन माणसांचे बूट एकसारखे राहतच नाहीत, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. डिझायनरने काम अर्धं सोडलं आणि उरलेलं घालणाऱ्याच्या पायावर सोपवलं! इतका सुंदर विचार मी दुसऱ्या कुठल्या कोलॅबमध्ये पाहिलेला नाही.

याउलट २०२० चा डिओर जॉर्डन १. हाय-टॉपचे फक्त ८,५०० जोड, प्रत्येकावर क्रमांक. बूट अप्रतिम आहे, पण क्रमांक टाकलेली वस्तू माणूस जपायला लागतो. तुम्हाला घालायचा आहे, तर तिकडे वळू नका.

मार्जिएलाचा जोड आता जुन्यातच मिळेल. थोडे तडे गेलेला असला तरी हरकत नाही, फक्त कॅनव्हास आणि सोल यांचा सांधा सुटलेला नसावा.

ऑफ-व्हाइट घेणार असाल तर

अब्लोच्या या ऑफ-व्हाइट जोडांइतकी नक्कल फार थोड्या बुटांची झाली असेल. लाल झिप टाय आणि आतल्या बाजूचा मजकूर बघून विश्वास ठेवू नका, नक्कल करणारे तेच आधी उचलतात. 'बीव्हर्टन, ओरेगन' आणि '१९८५' हे शब्द खोट्या बुटावरही असतात, फक्त अक्षरांची जाडी आणि जागा किंचित चुकते. खोक्यावरचा स्टाइल कोड आणि बुटाच्या आतल्या पट्टीवरचा कोड जुळायला हवा. शिकागोचा कोड एए३८३४-१०१. न जुळला तर तिथेच थांबा. जुळला म्हणजे खरा, असंही नाही, पट्टीही छापता येते.

विकणाऱ्याकडून दिवसाच्या उजेडातले फोटो मागा: दोन्ही टाचा मागून, टोकं वरून, इनसोल काढून आतली शिवण. द्यायला टाळाटाळ केली तर व्यवहार सोडा. बूट तपासून मगच विकणाऱ्याला पैसे देणारा मंच वापरा, त्याचं शुल्क जास्त वाटलं तरी.

आणखी एक. 'जॉर्डन १' एवढंच लिहून मिड (हाय-टॉपपेक्षा थोडा बुटका) विकणारे पुष्कळ. हायला लेसची नऊ भोकं, मिडला आठ. मोजून घ्या.

जुन्या जोडाचा सोल

रिसेलवाल्यांकडे 'एकदाही न घातलेला' म्हणजे उत्तम, असं समजतात. सोलच्या बाबतीत हे उलटही पडू शकतं. बऱ्याच स्नीकर्सच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते, बूट घातला नाही तरीही. वर्षानुवर्षं खोक्यात राहिलेले जॉर्डन ३ आणि ४ पहिल्याच चालीत भुगा होतात ते यामुळे. जॉर्डन १ चा वाटीसारखा बाहेरचा सोल रबराचा, चकचा सोलही रबराचा, त्यामुळे तुमच्या यादीत ही भीती कमी आहे. पण गोंद सगळीकडे असतो आणि तो वाळतो. कडेला नख घालून बघा, फट पडते का.

धागाकर्ता

फार उपयोगी माहिती, आभार! जॉर्डनचा विचार सोडला. कॉम दे गार्सोंचा चक ७० घेतो, नेहमीच्या नंबरात. मार्जिएलावर लक्ष ठेवीन. आता घोटा आणि पँट यांचं सांगा ना कुणीतरी.

घोटा आणि पँट

हाय-टॉप चावतो तो कॉलरच्या (बुटाच्या वरच्या तोंडाच्या) काठाला. सुरुवातीला सगळ्यात वरचं भोक रिकामं सोडा, लेस त्याच्या खालीच बांधा. मोजे कॉलरच्या वर दोन बोटं तरी यायलाच हवेत. आखूड मोज्यांनी घोट्याचं हाड सोलवटतं. आधी घरात तासभर घाला, मग बाहेर. बूट घालून बघायचा तो संध्याकाळी, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो.

उंची बेताची असेल तर बुटाचा आणि पँटचा रंग जवळचा ठेवा: काळ्या पँटखाली काळा चक. उलट रंग घेतलात तर पाय घोट्याशी कापल्यासारखा दिसतो. पँट खाली निमुळती, कॉलरला जेमतेम टेकणारी. रुंद पँटही छान दिसते, पण ती बुटावर पडू द्या, आत खोचू नका. बदाम बाहेरच्या बाजूला अगदी खाली आहे, पँट सोलपर्यंत आली तर तो झाकला जाईल.

धागाकर्ता

मग काळाच घेतो. कॅनव्हास धुवायचा कसा? मशीनमध्ये चालतो का?

मशीन नको

गोंद सैल पडतो आणि छापलेला बदाम घासला जातो. लेस काढून वेगळ्या धुवा. मऊ ब्रश, कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, बदामावर फक्त ओलं फडकं. आत पांढरा कागद कोंबून सावलीत वाळवा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. उन्हात ठेवलात तर पांढरं रबर पिवळं पडेल.