मदत हवी आहे : दोडक्यावर फवारणी नेमकी कधी घ्यावी?

मंडळी, करवीर तालुक्यात उसाच्या कडेला मांडवावर दोडका आहे. लाल भुंगेऱ्यांनी पानांची पार चाळण केलीय. सकाळी ते सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकतो. राखही धुरळली, पण आपल्याकडच्या पावसात टिकतेय कुठं! आता निंबोळी अर्क घ्यायचा आहे. शेजारी मधपेट्या आहेत, म्हणून रासायनिक औषध नको.

जो तो सांगतो, मधमाश्यांसाठी संध्याकाळी फवारा. काकडीला ते ठीक. दोडक्याचं फूल उमलतंच संध्याकाळी. रात्री पतंग, सकाळी माश्या. नर-मादी फुलं वेगळी, परागकण पोचले नाहीत तर मादी कळी पिवळी पडून गळते. मग सकाळी फुलं मिटल्यावर फवारलं, तर उन्हात अर्काचा असर राहील का? पानं करपतील का?