‘गँग’, ‘टोळी’ की आणखी काही? (आणि ‘ताइमान’ला काय म्हणायचं?)

रुखवत
मंडळी, जरा अडलंय.

एका दिवाळी अंकाला जपानी मालिकेवर लेख दिलाय. काल मुद्रितं आली. मी लेखभर ‘गँग’ लिहिलं होतं, ते कुणीतरी निगुतीनं सगळीकडे ‘टोळी’ करून ठेवलंय. ‘सान्नो टोळीचा म्होरक्या कोब्रा’ हे वाचलं आणि डोळ्यांसमोर थेट चंबळचं खोरं आलं.

मालिका ‘हाय अँड लो’. २०१५च्या ऑक्टोबरात निप्पॉन टीव्हीवर सुरू झाली, पुढच्याच वर्षापासून सिनेमेही निघाले. एका शहरात पूर्वी मुगेन नावाच्या बाइकवाल्यांचा दरारा होता. ते फुटले आणि त्या जागी पाच गँग उभ्या राहिल्या. पाचांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या भागाला नाव पडलं ‘सोर्ड’, म्हणजे तलवार. गंमत अशी की यातलं कुणी कुणाला लुटत नाही. सान्नोवाले बाजारपेठेतली पोरं, आपली आळी सांभाळायची एवढंच त्यांचं काम. रूड बॉइज गरिबांच्या वस्तीत छपरांवरून उड्या मारत राखण करतात. व्हाइट रास्कल्स नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत. प्रत्येकाची मारायची तऱ्हा वेगळी, गाणंसुद्धा स्वतःचं (मालिकेमागची कंपनीच मुळात ‘एग्झाइल’सारखे नाचगाण्याचे ताफे सांभाळणारी). कथानक म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल. पण पाच गट पाच बाजूंनी चालत येतात आणि एकेकाचं गाणं वाजायला लागतं, तेव्हा मी चाळिशीची बाई सोफ्यावर उभी राहते. हे ‘टोळी’त मावतं का?

दुसरं. त्यात ‘ताइमान’ असा शब्द येतो. बाकीच्यांनी मध्ये न पडता दोघांनीच करायची मारामारी. मी ‘द्वंद्वयुद्ध’ लिहिलं होतं, पण वाचताना जरासंध आठवतो. काही सुचतंय?

शुद्धमती
संपादकांचं बरोबर आहे. ‘टोळी’ असताना ‘गँग’ कशाला? दरोडेखोर आठवत असतील तर तो दोष शब्दाचा नाही, आपल्या वाचनाचा. टोळ झुंडीनं येतात, त्यावरून टोळी. एका रंगाचे कपडे घातलेले शेदोनशे जण धावत येतात, त्याला याहून चपखल शब्द कोणता?

वैनगंगा
टोळावरून टोळी हे कशावरून? आमच्या गोंदियाकडे गावांच्या नावात ‘टोला’, ‘टोली’ असतं. मूळ गावापासून फुटून चार घरं वेगळी वसली की झाला टोला. हिंदीतही टोला म्हणजे मोहल्लाच. टोळी त्याच घरातली असणार, म्हणजे एका वस्तीतली माणसं. मग सान्नोला तो शब्द उलट जास्तच बसतो. (व्युत्पत्ती घरगुती आहे. आयएसआय मार्क नाही.)

शुद्धमती
तुमची व्युत्पत्ती नुसती कानावर बेतलेली आहे.

वैनगंगा
आणि तुमची किड्यावर.

बांधावरून
टोळी म्हटलं की दरोडेखोर आठवणारे लोक शहरात राहतात. आमच्या बीडकडं दसरा झाला की टोळ्या निघतात, ऊस तोडायला. मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, असे दहा-बारा कोयते जमले की झाली टोळी. माझे आईवडील निम्मं वर्ष टोळीत असायचे आणि मी आजीपाशी. शाळेत बदलून आलेल्या नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “आईबाबा कुठं असतात?” मी उभं राहून खणखणीत सांगितलं, “टोळीत.” बाई बराच वेळ माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मधल्या सुट्टीत हेडसरांनी त्यांना काय ते सांगितलं असावं, कारण नंतर त्यांनी मला चिक्की दिली.

आता पेपरात काय येतं? ‘कोयता गँग’. ज्यांच्या हातात खरोखर कामाचा कोयता, ती टोळी. ज्यांच्या हातात तो नको तिथं आला, ती गँग. मराठीनं वाटणी कधीच करून टाकलीय, संपादकांना कळवा.

मनमाड_जंक्शन
बांधावरून, दंडवत! पण वाटणी इतकीही पक्की नाही. माझे वडील रेल्वेत गँगमन. रूळ उचलायचे, खडी भरायची, चाव्या ठोकायच्या. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “गँग परत निघाली का बघ रे.” मग मी रुळाला कान लावून हातोड्याचा आवाज येतोय का ऐकायचो. (हे कुणी करू नये. मला त्यापायी मार बसलाय.) “तुझे बाबा कुठल्या गँगचे?” हा आमच्या वसाहतीत अगदी सभ्य प्रश्न होता, आणि उत्तर असायचं, “सात नंबरच्या.” हा शब्द मराठी नाही असं तिथं जाऊन सांगून बघा.

शुद्धमती
वडिलांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण एका खात्याचा पारिभाषिक शब्द आला म्हणून भाषेचे सगळे दरवाजे उघडे टाकायचे नसतात.

निप्पॉनकर
जरा जपानी नावांकडे बघू या का? सान्नो ‘रेंगोकाई’ म्हणजे अनेक संघटनांचा मिळून झालेला संघ. ओया ‘कोको’ म्हणजे सरळ हायस्कूल. दारुमा ‘इक्का’ म्हणजे एक घर, एक कुटुंब, याकुझा (तिकडचे संघटित गुन्हेगार) लोक आपल्या गोतावळ्याला म्हणतात तसं. उरलेले दोघे, व्हाइट रास्कल्स आणि रूड बॉइज, इंग्रजीच. पाच गटांच्या पाच तऱ्हा, आणि आपण सगळ्यांवर एकच शिक्का मारायला निघालोय.

मौज पुढे आहे. निवेदक पाचांचा मिळून उल्लेख करतो तेव्हा चक्क ‘ग्यांगु’ म्हणतो. ‘जी-सोर्ड’ हे नाव त्यातूनच आलं. त्यांच्याकडे स्वतःचे शब्द कमी आहेत असं नाही. वाया गेलेल्या पोरांना फुर्यो, दणदणाट करत फिरणाऱ्या बाइकवाल्यांना बोसोझोकु, पोलिसांच्या कागदावर संघटित गुन्हेगारांना बोर्योकुदान. पण प्रत्येकाला आपापला वास आहे. याकुझा हा तर पत्त्यांतला हरलेला डाव: या म्हणजे ८, कु म्हणजे ९, सा (त्याचाच झा) म्हणजे ३. बेरीज २०, त्या खेळात शेवटचा आकडा धरतात, म्हणजे हातात शून्य. जुगारी, खंडणी, भरतकामाचे लांब कोट, यातलं काहीच नको असेल तर परका, कोरा शब्द बरा पडतो. माझं मत ‘गँग’ला.

खवट_शेंगदाणा
छे छे, भाषांतर झालंच पाहिजे. ‘सान्नो तालुका महासंघ’. सकाळी पाचला कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं, फॅट लावून दर मिळेल. आणि ‘दारुमा घराणं’. किराणा, ग्वाल्हेर, दारुमा. विलंबित ख्यालानंतर हाणामारी.

निप्पॉनकर
हसा, पण दारुमा खरंच आपल्याकडचा आहे. बोधिधर्म! त्यातल्या ‘धर्म’चं चीनमार्गे दारुमा झालं. ती लाल गोल बाहुली असते ना, पाडली तरी परत उभी राहणारी, ती त्याचीच. डोळे कोरे असतात. मनात इच्छा धरून एक डोळा रंगवायचा, इच्छा फळली की दुसरा. माझ्या टेबलावरचा सहा वर्षं एकाक्ष आहे.

शुद्धमती
बघा! शब्द आपल्याच घरचा निघाला. ‘धर्मकुल’ करा.

खवट_शेंगदाणा
लोक प्रवचनाला म्हणून येऊन बसतील आणि समोरून दारुमांचा म्होरक्या ह्यूगा गाडीच्या बॉनेटवर बसून येईल.

रंकाळा_काठ
एवढे प्रतिसाद झाले आणि ‘तालीम’ कुणालाच कशी सुचली नाही? मूळ अरबी, अर्थ शिक्षण. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम. आत लाल माती, पण त्याच नावानं गणपती, त्याच नावानं रक्तदान, त्याच नावानं फुटबॉलचा संघ. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ ओस पडते. आयुष्यात लंगोट न कसलेला माणूसही ‘आमची तालीम’ म्हणतो. गल्ली, रंग, ईर्षा, थोरल्यांचा धाक, सगळं एका शब्दात आलं. ताईंनी सांगितलेली मालिका मी पाहिलेली नाही, पण मला ती आधीच कळलीय.

रुखवत
हे फार जवळचं आहे. अगदी तेच! पण इकडे मुंबईत तालीम म्हणजे नाटकाची. ‘ओया हायस्कूलची तालीम’ लिहिलं तर स्नेहसंमेलन वाटेल.

चुरमुरा
मला मजा याकुझांच्या ‘आनिकी’ची वाटते. म्हणजे थोरला भाऊ, आणि त्यांच्या धंद्यात वरचा माणूस. आपला ‘दादा’ डिट्टो. मुंबईचा ‘भाई’ही त्याच रांगेतला. त्यांचा म्होरक्या ‘ओयाबुन’ बापाच्या जागी, हाताखालचा ‘कोबुन’ पोराच्या. आपल्याकडेही कोपऱ्यावर उभ्या घोळक्याकडे बघून “ही कुणाची पोरं?” असं कुणी विचारलं, तर उत्तरात त्यांच्या बापाचं नाव नसतं.

मनमाड_जंक्शन
+१. बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा ती पाहुण्यांसमोर सहज बोलून गेली, “दादाला विचारून सांगते.” मुलाच्या काकांनी पाण्याचा ग्लास खालीच ठेवला. दादा म्हणजे मी, वजन ४८ किलो.

खवट_शेंगदाणा
अवांतर: रुखवत, शेवटच्या त्या सगळ्यांच्या एकत्र हाणामारीला काय लिहिलंत? ‘राडा’ ना?

शुद्धमती
राडा हा वर्तमानपत्री शब्द आहे. ‘धुमश्चक्री’ लिहा.

सातारची_सून
राडा वर्तमानपत्री? आमच्या गावात राडा म्हणजे चिखल. पावसाळ्यात गोठ्यात राडा, अंगणात राडा. धाकट्या दिरांनी मुंबईहून फोन केला, “आई, ऑफिसखाली मोठा राडा झालाय, आज बाहेर पडता येणार नाही.” सासूबाई म्हणाल्या, “मग मुरूम टाकून घ्या की रं.”

वैनगंगा
सासूबाईंना सप्रेम नमस्कार. पण मग चिखल आधी की मारामारी आधी? माणसं चिखलात लोळून भांडली म्हणून राडा, असं काही?

बांधावरून
आणि ‘राडारोडा’ कुठून आला? तो तर घर पाडल्यावर उरतो.

रुखवत
मंडळी, ताइमान राहिलंच. मुद्रितं उद्या सकाळी परत द्यायचीत. मुरायामा हा शंभर बुक्के खाऊनही उभा राहिला म्हणून ओयाचा म्होरक्या झालेला माणूस. तो कोब्रासमोर येतो, दोघांची माणसं मागे थांबतात, कुणी हात उचलत नाही. सगळ्या मालिकेचा जीव मला तिथं वाटतो. तिथं जरासंध नको.

शुद्धमती
मल्लयुद्ध.

रंकाळा_काठ
‘जोड’ बघा ताई. कुस्तीत जोड लागते. कोब्रा-मुरायामा जोड. पण ती आधी कुणीतरी ठरवून लावावी लागते, आपली आपण लागत नाही. तेवढं अडेल.

चुरमुरा
शाळेत आम्ही नुसतं “एकटा ये” म्हणायचो. नाम नव्हतं त्याला, फक्त आज्ञार्थ.

रुखवत
“एकटा ये” छान आहे रे. पण “त्यांचं एकटा-ये झालं” असं कसं लिहू?

सातारची_सून
वरच्या राडारोड्याबद्दल. सासूबाईंना आत्ता विचारून आले. रोडा म्हणजे विटांचे तुकडे. दारात राडा झाला की त्यावर रोडा टाकायचा, पाय भरत नाही. म्हणून राडारोडा, असं त्या म्हणतात.

बांधावरून
ही पटली.

शुद्धमती
प्रथमच सहमत.